पूर्वगाळण, व्यस्त तर्षणातील
औद्योगिक संयंत्रांत व्यस्त तर्षणाच्या (आरओच्या) पटलाकडे पाणी सोडण्यापूर्वी त्यातील गाळ व कलिल द्रव्ये काढून टाकण्याची क्रिया. लोब व सौरिराजन यांनी १९६० च्या सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठात तयार केलेले सेल्युलोज ॲसिटेटाचे पटल थोडे क्लोरीन सोसत असे. पुढे रूढ झालेल्या पॉलिअमाइड पटलांना क्लोरीन घातक ठरले. त्यामुळे ते सोडियम बायसल्फाइटाने आधीच नाहीसे करावे लागते आणि तेथून पुढे जंतूंना मोकळीक मिळते. म्हणूनच आधीच्या गाळणीचे महत्त्व वाढले. शेवटची ५ मायक्रॉनची गाळणी केवळ राखणदार होय. वाळूच्या गाळणीतील उणीव ती भरून काढीत नाही. मुंबईत चेंबूर येथील राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सच्या कारखान्यात शहराचे सांडपाणी जैव प्रक्रिया व गाळणी यांनंतरच व्यस्त तर्षणाकडे नेतात.