इंजिनाचा आवाज आणि त्याचा कणा

जव्हार-मोखाड्याच्या भूमीवर आगगाडीचा रूळ पोचला नाही. या डोंगराळ मुलुखाचे दळणवळण मोटारीवरच अवलंबून राहिले. 1948 साली मुकण्यांचे जव्हार संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. त्याच वर्षी 1 जूनला पुणे-अहमदनगर मार्गावर सरकारी एस.टी.ची पहिली गाडी धावली. घाटातील वळणामागून जीप येते आहे की एस.टी., हे गाडी दिसण्याआधीच कानाला कळे. ही ओळख पटविणारा आवाज मुख्यतः क्रँकशाफ्टच्या घडणीतून निघतो.

क्रँकशाफ्ट म्हणजे इंजिनाचा कणा. दट्ट्याची वरखाली धाव तो चक्राकार गतीत बदलतो. खडकीच्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना 1946 सालची. अशा कारखान्यांची एकनळी डिझेल इंजिने महाराष्ट्रातील विहिरींवर बसली. मिनिटाला 1,500 फेरे घेणाऱ्या अशा इंजिनात दोन फेऱ्यांत एकदाच स्फोट होतो. म्हणजे सेकंदाला साडेबारा. इतके ठोके कानाला सुटे ऐकू येतात, म्हणून त्याची 'फटफट'. दोन ठोक्यांमधली गती जड फ्लायव्हील सांभाळते.

जीपच्या चार नळ्यांत क्रँकचे दोन हात वर, तर दोन खाली असतात. अर्ध्या फेऱ्याला एक स्फोट. तरीही दट्ट्या वरच्या अर्ध्या वाटेत अधिक वेगाने धावतो, त्यामुळे बारीक थरथर उरते. एस.टी.त दीर्घकाळ चाललेल्या टाटा आणि लेलँडच्या सहानळी इंजिनांत हात 120 अंशांवर मांडलेले असत. तेथे हे धक्के परस्परांना छेद देतात. त्याच 1,500 फेऱ्यांना सेकंदाला 75 स्फोट होतात, ठोके एकमेकांत मिसळतात आणि अखंड घरघर ऐकू येते.

मात्र हा मऊपणा फुकट मिळत नाही, श्रोतेहो. सहा नळ्यांचा क्रँक लांब. तो पिळला जातो, म्हणून त्याच्या टोकाला पीळ शमविणारे चाक बसवावे लागते. क्रँकचा हात लांब असला की दट्ट्याला दर फेऱ्यात अधिक अंतर कापावे लागते, म्हणून फेऱ्यांना मर्यादा पडते. फ्लायव्हील जड असले की इंजिन सावकाश उसळते, पण चढावर चटकन बंद पडत नाही. घाटातल्या बसला हाच स्वभाव हवा.

क्रँक मोडला, तर बस रानातच थांबणार, आणि तिच्यात दवाखान्याला निघालेला रोगीही असू शकतो. म्हणून तो तप्त पोलादातून ठोकून घडवितात. पोलादाचे तंतू त्याच्या वळणांबरोबर वळतात आणि वारंवारच्या ताणाला टिकतात. 1961 साली पुण्यात भारत फोर्ज उभी राहिली. क्रँकशाफ्ट घडविणे हे पुढे तिचे एक प्रमुख काम ठरले. घाटातल्या प्रवाशाने हा कणा कधी पाहिलेला नसतो. पण त्याचा भरवसा त्यावरच असतो.