शब्दवेध : फर्मवेअर

दारव्ह्यासारख्या तालुक्याच्या गावी संगणक सुरू होताना ‘बूट डिव्हाइस सापडत नाही’ असा संदेश दाखवून थांबला, की ‘हार्डडिस्क उडाली’ असा निकाल लगेच लागतो. त्या घाईत एक शब्द विसरला जातो : फर्मवेअर. बाजारपेठेतली फर्म, म्हणजे पेढी, आणि ही ‘फर्म’ एकाच घरातल्या. दोघींचे मूळ लॅटिन ‘फिर्मुस’, म्हणजे पक्का. पेढीची फर्म सहीने व्यवहार पक्का करण्यावरून आली. फर्मवेअर हा शब्द अ‍ॅशर ऑप्लर यांनी १९६७ साली हार्डवेअर आणि सॉफ्टवेअर यांच्या मधल्या थरासाठी वापरला.

कुणी म्हणेल, हल्ली तेही अपडेट होते, मग पक्के कसले? पण ऑप्लर यांच्या डोळ्यांपुढेही बदलता येणारा मायक्रोकोडच, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या सूचनांचा संच, होता. इथे पक्के म्हणजे अचल नव्हे, सहसा न हलणारे. हार्डडिस्कलाही स्वतःचे फर्मवेअर असते : काही भाग सर्किट बोर्डावरच्या चिपमध्ये, काही थेट तबकडीवर. दोन्ही एकमेकांशी जुळावे लागतात, म्हणूनच नुसता बोर्ड बदलून बंद डिस्क बहुधा जागी होत नाही. २००८-०९मध्ये सीगेटच्या काही बॅराकुडा ७२००.११ डिस्क बायोसला, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या फर्मवेअरला, दिसेनाशा झाल्या, तेव्हा तबकडीवरची माहिती शाबूत होती. दोष फर्मवेअरचा होता. डिस्क टकटक वाजत असेल, तर मात्र बिघाड यांत्रिक समजून वीज तोडावी. एरवी आधी केबल पाहा, मग बायोस. फॉरमॅटचे बटण अगदी शेवटी.