चाकाची धाव : लोखंडाची आणि हवेची



वैशाखाच्या उन्हांत पुण्याहून मुंबईस मोटारीनें निघतांना पुष्कळ घरांत एक सल्ला ऐकूं येतो : "ऊन फार, रस्ता सिमेंटचा, टायर फुटेल. हवा थोडी कमी ठेवा." गेल्या उन्हाळ्यांत माझ्या भाच्यानें घराजवळच्या पंपावर हेंच करावयाचें ठरविलें होतें. सल्ला मायेचा खरा, पण तो अगदीं उलटा आहे. कां, तें समजण्यासाठीं चाकाचा थोडा इतिहास पाहिला पाहिजे.

सर जॉन माल्कम मुंबईचा गव्हर्नर असतां 1830 सालीं बोरघाटांतून चाकाच्या वाहनांस योग्य असा रस्ता खुला झाला. त्या वाटेवरच्या बैलगाडीचें चाक म्हणजे तुंबा, आरे, लांकडी घेर आणि त्यावर लोखंडी धाव. लोहार ती धाव लाल तापवून चाकावर चढवी आणि पाणी ओतून आवळी. उष्णता ही त्या चाकाची मैत्रीण होती. रबरी चाकाची मात्र ती वैरीण ठरली.

हवेनें भरलेल्या धावेचें पेटंट रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश इंजिनिअरानें 1845 सालींच घेतलें होतें. रबर लावलेल्या कापडाची नळी व तिच्यावर चामड्याचें वेष्टन, अशी तिची रचना होती. पण तेव्हां मोटार नव्हती, सायकलही नांवापुरतीच. त्यामुळें ती विस्मृतींत गेली. 1888 सालीं बेलफास्ट येथील पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यानें आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठीं तीच युक्ति पुन्हां शोधून काढली. 1895 मध्यें मिशलँ बंधूंनीं पॅरिस-बोर्दो-पॅरिस शर्यतींत मोटारीला अशीं चाकें लावलीं. वाटेंत ट्यूबा वारंवार निकामी झाल्या, तरी गाडी शेवटपर्यंत गेली. पुढें 1904 सालीं वेल्समधील लॅनेली गावांत, स्टेपनी रस्त्यावर, मोटारीसाठीं जादा चाकें बनविण्याचा धंदा निघाला. आपण आजही ज्याला 'स्टेपनी' म्हणतों, तें नांव त्या रस्त्याचें आहे.

आतां मुद्द्याकडे वळूं. मोटारीचें ओझें रबर पेलीत नाहीं. कोंडलेली हवा पेलते. हवा कमी झाली, कीं प्रत्येक फेऱ्याला टायरच्या बाजू अधिक वांकतात आणि पुन्हां सरळ होतात. तार पुन्हां पुन्हां वांकविली म्हणजे जशी तापते, तसेंच येथें होतें. ताशी 100 किलोमीटर वेगानें हें मिनिटाला आठ-नऊशें वेळां घडतें. रबर आंतून तापतें, त्याचे थर सुटूं लागतात, आणि अखेर टायर फुटतो. आपण बोट दाखवितों उन्हाकडे. विस्तव पेटविलेला असतो कमी हवेनें. उन्हानें दाब वाढतो हें खरें, पण तापमान 10 अंश सेल्सिअसनें चढलें तर तो सुमारें दीड पौंडच वाढतो, आणि बनविणारांनीं ती वाढ हिशेबांत धरलेली असते.

जुन्या घाटरस्त्यावर चाकाला इतका वेळ सतत धांवण्याचा प्रसंग क्वचित् येई. 2002 सालीं पूर्ण खुल्या झालेल्या सुमारें 94 किलोमीटरच्या द्रुतगति मार्गावर तो रोज येतो.

अमेरिकेंत या प्रश्नाचा मोठा वाद 2000 सालीं झाला. फायरस्टोन कंपनीनें सुमारें 65 लक्ष टायर परत बोलाविले. त्यांतील पुष्कळसे फोर्ड एक्सप्लोरर गाडीवर होते. फोर्डनें 26 पौंड दाब सांगितला होता. टायरवाले म्हणाले, 30 पाहिजे होता. दोष घडणीचा कीं दाबाचा, यावर दोन्ही कंपन्या भांडल्या. परंतु त्याच वर्षीं तेथें कायदा झाला, आणि 2007 पासून प्रत्येक नव्या मोटारींत दाब उतरल्याची सूचना देणारें यंत्र सक्तीचें झालें.

आमच्या पिढीला टायरला लाथ मारून हवा ओळखण्याची खोड आहे. ती आतां कामाची नाहीं. मिशलँ कंपनीनें 1946 सालीं पेटंट घेतलेला रेडियल टायर आज बहुतेक सर्व मोटारींना असतो, आणि योग्य हवा असतांही त्याच्या बाजू किंचित् फुगलेल्या दिसतात. डोळा फसतो, मापकच खरें सांगतो. गाडी निदान तीन तास उभी असावी, टायर थंड असावेत, आणि चालकाच्या दाराच्या चौकटीवरील तक्त्यांत दिलेलाच दाब भरावा. माणसें व सामान पुष्कळ असल्यास तेथेंच दिलेला भरल्या गाडीचा आंकडा पाहावा. टायरच्या अंगावर छापलेला आंकडा कमाल मर्यादेचा असतो; तो भरण्याचा नव्हे. हवा प्रमाणाबाहेर झाली तरी रस्त्याची पकड सुटते. महिन्यांतून एकदां आणि लांबच्या प्रवासापूर्वीं अवश्य मोजावें, आणि स्टेपनी विसरूं नये.

भाच्याला मीं एवढेंच म्हटलें, "सोडण्यापूर्वीं मोज तर खरी." तक्त्यावर 33 पौंड लिहिले होते. तीन चाकांत तितके भरले. चौथ्यांत 24 निघाले. डोळ्यांना चारही चाकें सारखींच दिसत होतीं, आणि मागच्या बाकावर त्याचीं दोन मुलें बसलीं होतीं. त्यानें कांहीं न बोलतां हवा भरून घेतली.