कापरेकर, दत्तात्रय रामचंद्र
(१७ जानेवारी १९०५–१९८६). भारतीय गणितज्ञ व संख्यांच्या गुणधर्मांचे संशोधक. जन्म डहाणू येथे. शिक्षण ठाणे येथे व पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात. १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे पारितोषिक मिळाले आणि १९२९ मध्ये ते मुंबई विद्यापीठाचे पदवीधर झाले. पदव्युत्तर शिक्षण वा विद्यापीठाचा आश्रय नसताना, नाशिकजवळच्या देवळालीत १९३० ते १९६२ पर्यंत शाळामास्तराची नोकरी इमानाने करीत असतानाच, त्यांनी आपले संशोधन बहुतांशी एकट्याच्या बळावर सिद्धीस नेले, ही गोष्ट त्यांच्या थोरवीचे माप म्हणून आवर्जून नमूद करण्याजोगी आहे.

ज्या चार अंकी संख्येतील सर्व अंक एकच नाहीत, तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून मोठ्या संख्येतून लहान वजा करावी व आलेल्या बाकीवर हीच क्रिया पुनःपुन्हा करावी, म्हणजे अधिकात अधिक सात पायऱ्यांत ६१७४ हीच संख्या हाती येते; उदाहरणार्थ, ३५२४ पासून ५४३२ – २३४५ = ३०८७, ८७३० – ०३७८ = ८३५२ आणि ८५३२ – २३५८ = ६१७४. हा ‘कापरेकर स्थिरांक’ होय. ४५ चा वर्ग २०२५ आणि २० + २५ = ४५, अशा संख्यांनाही त्यांचेच नाव आहे. हर्षद व डेम्लो या संख्याही त्यांच्याच कल्पक बुद्धीचे फळ असून, आगगाडीच्या प्रवासात परिचित असलेल्या, तेव्हा डेम्लो म्हणवल्या जाणाऱ्या डोंबिवली स्थानकावरून त्यांनी डेम्लो हे नाव योजले.

स्वदेशी विद्वानांनी हे कार्य दीर्घकाळ क्षुल्लक लेखले, तो निवाडा अन्यायाचा होता. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात त्यांच्याविषयी लिहिले आणि त्यांची कीर्ती जगभर पसरली.