'गोड बातमी कधी?' आयबीडी असलेल्या बाईने यावर काय बोलायचं?

लग्नाच्या पंगतीत तिने मिरचीची भजी बाजूला सारली, मठ्ठाही नको म्हणाली. समोरच्या काकूंनी आधी तिच्या ताटाकडे पाहिलं, मग पोटाकडे. आणि हसून विचारलं, "कितवा महिना?"

महिना वगैरे काही नव्हता. आतड्यांना सूज होती आणि पोट फुगलेलं होतं. आयबीडी, म्हणजे इन्फ्लमेटरी बॉवेल डिसीज असलेल्या अनेकींना हा प्रसंग थोड्याफार फरकाने ओळखीचा वाटेल.

या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच आतड्यांवर उलटते. याचे मुख्य प्रकार दोन. अल्सरेटिव्ह कोलायटिस मोठ्या आतड्यात होतो, तर क्रोन्स पचनमार्गात कुठेही होऊ शकतो. पोटदुखी, सतत जुलाब, शौचातून रक्त, प्रचंड थकवा ही लक्षणं. (आयबीएस हा वेगळा आजार आहे, नाव सारखं वाटतं म्हणून गल्लत होते.) आजार कधी शांत असतो, कधी उसळतो. उसळला की बऱ्याचदा स्टिरॉइड्स द्यावी लागतात. त्याने चेहरा गोल होतो, पोटाभोवती चरबी वाढते. झालं, बघणाऱ्यांना वाटतं 'तब्येत सुधारली', नाहीतर 'दिवस गेले'.

त्यात निदान अनेकदा ऐन विशी-तिशीत होतं. म्हणजे जेव्हा सगळं गाव पेढ्यांची वाट बघत असतं तेव्हाच.

मग मूल होऊ शकतं का?

बहुतेकींना होऊ शकतं. आजार शांत असेल आणि पोटाची मोठी शस्त्रक्रिया झालेली नसेल, तर गर्भधारणेची शक्यता साधारण इतर बायकांइतकीच असते. मोठं आतडं काढून आतून पाऊच तयार करण्याची शस्त्रक्रिया झाली असेल, तर नैसर्गिक गर्भधारणा अवघड होऊ शकते. तेव्हा आयव्हीएफचा पर्याय असतो.

खरा मुद्दा वेळेचा आहे. आजार किमान तीन ते सहा महिने शांत राहिल्यावरच प्रयत्न करा, असं डॉक्टर सांगतात. कारण उसळलेल्या आजारात गर्भपात, वेळेआधी प्रसूती आणि बाळाचं वजन कमी भरण्याचा धोका वाढतो. मेथोट्रेक्सेटसारखं औषध गर्भासाठी घातक असल्याने काही महिने आधीच बंद करावं लागतं. उलट मेसालामाइन, अझाथायोप्रिन, इन्फ्लिक्सिमॅब ही औषधं सहसा गरोदरपणातही चालू ठेवतात. 'बाळाला त्रास नको' म्हणून घरच्यांच्या सल्ल्याने गोळ्या सोडून देणं सगळ्यात धोक्याचं.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. बीसीजीची लस बाळाला जन्मताच टोचतात. पण आईला गरोदरपणात इन्फ्लिक्सिमॅब किंवा अडालिमुमॅब चालू असेल, तर ही लस सहा महिने किंवा त्याहून पुढे ढकलायला सांगतात, कारण त्यात जिवंत जंतू असतात. हे बाळंतपणाआधीच बालरोगतज्ज्ञांच्या कानावर घालायला हवं.

आणि हो, आयबीडी पुरुषांनाही होतो. सल्फासलाझिन या औषधाने शुक्राणूंची संख्या कमी होते, औषध बदललं की ती पूर्ववत होते. पण 'तुमच्याकडे काय विशेष?' हे पंगतीत नवऱ्याला कोण विचारतं?

उत्तर काय द्यायचं?

समोर कोण आहे यावर ते ठरतं. वर्षातून एकदा लग्नात भेटणाऱ्या काकूंना आजाराचा इतिहास सांगायची गरज नाही. "नाही हो काकू, पोटाचा त्रास आहे, पथ्य चालूये" एवढं पुरे. याला खोटं बोलणं म्हणत नाहीत. त्या पुढे खोदून विचारू लागल्या, तर "असलं काही तर तुम्हाला कळेलच" म्हणून ताट घेऊन उठायचं. विनोद करायलाच हवा असंही नाही. शौचातून रक्त जात असताना हसायची ताकद नसते.

सासरच्यांना उत्तर नवऱ्याने द्यावं. माझ्या मते यावर वाद नको. "आई, डॉक्टरांनी थांबायला सांगितलंय, आम्ही दोघांनी ठरवलंय" हे मुलाच्या तोंडून आलं की निम्मे प्रश्न तिथेच थांबतात. सुनेने तेच सांगितलं की ते निमित्त वाटतं.

रोज सोबत राहणाऱ्यांशी मात्र एकदा नीट बोलावं लागतं. सासूबाईंची काळजी खरी असेल, तर पुढच्या तपासणीला त्यांनाच सोबत न्या. "मुलालाही हा आजार होईल का?" हे त्यांना डॉक्टरांनाच विचारू द्या. आई किंवा वडील एकालाच आयबीडी असेल, तर बहुतांश मुलांना तो होत नाही, हे त्यांच्याकडून ऐकलेलं जास्त पटतं. जाताना पोटाच्या डॉक्टरांची फाइल स्त्रीरोगतज्ज्ञांनाही दाखवून घ्या. औषधांबद्दल दोघांचं एकमेकांशी बोलणं झालं, की घरी येऊन दोन वेगळे सल्ले निस्तरावे लागत नाहीत.