१९५७ ची निवडणूक : भीतीचा प्रचार आणि वाळव्याचा मुलूख

प्रतिपक्षाच्या भीतीवर उभारलेला प्रचार कधी यशस्वी होतो आणि कधी फसतो? १९५७ च्या सार्वत्रिक निवडणुकीचा विचार आष्ट्याच्या परिसरातून केला, तर या प्रश्नाचे एक उत्तर हाती लागते. वाळवा तालुक्यातील आष्टा तेव्हा दक्षिण सातारा जिल्ह्यात होते. त्या जिल्ह्याला सांगली हे नाव १९६० मध्ये मिळाले.

फेब्रुवारी १९५६ मध्ये संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली आणि १ नोव्हेंबरला द्वैभाषिक मुंबई राज्य अस्तित्वात आले. समितीत शेतकरी कामगार पक्ष, प्रजासमाजवादी, कम्युनिस्ट आणि शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन एकत्र होते. ही विजोड मोट आहे, तिची सूत्रे कम्युनिस्टांच्या हाती आहेत, तिला मत म्हणजे देशाच्या ऐक्याला धोका, असा काँग्रेसचा प्रचार होता. या भीतीला निमित्त नव्हते असे नाही. त्याच हिवाळ्याच्या तोंडावर हंगेरीत सोव्हिएत रणगाडे शिरले होते. पण महाराष्ट्रात शंभरांहून अधिक माणसे आंदोलनात बळी पडली होती, याचाही विसर मतदारांना पडलेला नव्हता.

वाळव्याच्या मुलखात हा प्रचार अधिकच अवघड होता. ज्या 'लाल' माणसाची भीती घालायची, ते क्रांतिसिंह नाना पाटील याच तालुक्यातील येडे मच्छिंद्रचे. बेचाळीसनंतरच्या प्रतिसरकारला ब्रिटिशांनी दरोडेखोर ठरवले, तेव्हा त्या भूमिगतांना भाकरी आणि आसरा याच गावांनी दिला होता. समितीचा डफ गाजवणारे अण्णा भाऊ साठे हेही याच तालुक्यातील वाटेगावचे. सरकारने लावलेली विशेषणे पारखून घेण्याची सवय या लोकांना पूर्वीपासून होती. अर्थात प्रतिसरकारचा वारसा एकट्या समितीचा नव्हता. त्याच लढ्यातले वसंतदादा पाटील काँग्रेसमध्येच राहिले होते.

निकालात समितीने पश्चिम महाराष्ट्र जिंकला. नाना पाटील कम्युनिस्ट उमेदवार म्हणून साताऱ्यातून लोकसभेवर गेले. मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण कऱ्हाडमधून अगदी थोड्या मतांनी निवडून आले. तरीही ३९६ पैकी २३४ जागा मिळवून काँग्रेसने सत्ता राखली. गुजरात, विदर्भ आणि मराठवाड्याने तिला तारले.

खरा बोध पुढचाच आहे. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले आणि १९६२ मध्ये काँग्रेसने २६४ पैकी २१५ जागा जिंकल्या. धाक घालून जी समिती हटली नाही, ती मागणी मान्य होताच विरली. तिच्या विजयाचे बळ त्या एका मागणीत होते. तिच्यापलीकडचा समान कार्यक्रम घटक पक्षांना उभा करता आला नाही. ओळखीच्या माणसाची भीती मतदाराला सहसा वाटत नाही, हे १९५७ ने दाखवले. मात्र भीतीला नकार देणारे मत त्या पक्षाला कायमचे दिलेले नसते, हे १९६२ ने दाखवले. आघाड्यांचा इतिहास शिकताना आणि शिकवताना ही दोन्ही वर्षे एकत्र वाचली पाहिजेत.