गरुड मारलेलं भिंग

फिल्मच्या रिकाम्या डबीत कापूस, कापसात भिंग. पोळ्याच्या चार दिवस आधी सौंसरचा एक मित्र ते घेऊन पांढुर्ण्याला आला. त्याच्या आजोबांचा फोटो स्टुडिओ होता: लग्नं, बारशी, परीक्षेच्या फॉर्मावरचे फोटो. स्टुडिओ उतरणीला लागल्यावर त्यांनी नागपुरात कुणा फिरत्या विक्रेत्याकडून हे घेतलं. घरात त्याचं नाव ‘जर्मन भिंग’. मित्राचा प्रश्न सरळ होता : ‘‘ओरिजनल हाय ना बापा? लाखाचं तरी असंल.’’

दिसायला झोकदार. सोनेरी पितळ, पुढच्या कड्यावर ‘लायट्झ एल्मार’, बाजूला पंख पसरलेला नाझी गरुड आणि हवाई दलाची मालमत्ता असल्याचा जर्मन मजकूर. मला शंका आली ती या गरुडामुळेच. सरकारी मालावर ठसा असतो, पण तो ओळखीपुरता. इथे गरुड मुंडावळ्या बांधून बसला होता.

खऱ्या एल्मारचं घराणं वेट्झलारचं. अर्न्स्ट लायट्झ यांचा सूक्ष्मदर्शकांचा कारखाना. तिथल्या ओस्कार बार्नाकने सिनेमाच्या फिल्मवर चालणारा खिशातला कॅमेरा घडवला आणि 1925 मध्ये लाइपझिगच्या जत्रेत तो लायका म्हणून लोकांसमोर आला. भिंगाचं गणित माक्स बेरेकचं. आधीच्या पाच काचांच्या भिंगाचं नाव एल्माक्स, म्हणजे अर्न्स्ट लायट्झचे ‘ए’ आणि ‘ल’ आणि पुढे माक्स. मग काचा चारवर आल्या आणि एल्मार झालं. चार काचांची ही मांडणी तोवर नवी राहिली नव्हती. त्साइसच्या पाउल रुडोल्फने 1902 मध्येच टेसार काढलं होतं : पुढे एक फुगीर काच, मध्ये एक खोलगट, मागे दोन चिकटवलेल्या. बेरेकचा वेगळेपणा म्हणजे ॲपर्चरच्या पाकळ्या. टेसारमध्ये त्या दुसऱ्या काचेच्या मागे असतात, एल्मारमध्ये पहिल्या काचेच्या लगेच मागे.

आता खारकीवला जायला हवं, कारण खरी गोष्ट तिथली आहे. रशियन यादवी युद्धानंतर रस्त्यावर आलेल्या मुलांसाठी तिथे एक कम्यून होतं, चालवणारे शिक्षणतज्ज्ञ आंतोन माकारेंको. नाव मात्र सोव्हिएत गुप्त पोलिसांच्या संस्थापकाचं, फेलिक्स एदमुंदोविच झेर्झिन्स्की. त्याच्या आद्याक्षरांवरून ‘फेद’. ही पोरं आधी विजेची ड्रिल बनवायची. 1932 मध्ये लायकाचं दुसरं मॉडेल बाजारात आलं आणि 1934 मध्ये या पोरांच्या कारखान्यातून त्याची हुबेहूब नक्कल नियमित बाहेर पडू लागली. परवान्याबिरवान्याची भानगड नाही. पण त्यावर ‘फेद’ असंच कोरलेलं असे. नक्कल होती, लबाडी नव्हती.

युद्धात कारखाना पूर्वेकडे हलला. पुढे मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्याने 1948 पासून त्याच नमुन्यावर ‘झोर्की’ काढला, म्हणजे तीक्ष्ण नजरेचा. आठ लाखांच्या वर झोर्की बनले आणि त्यांच्यावर बसायचं चार काचांचं ‘इंडुस्तार-22’. बाहेरून एल्मार, आतून टेसार. सोव्हिएत संघ कोसळला, पश्चिमेच्या पर्यटकांना आठवणीच्या वस्तू हव्या होत्या, आणि आधीपासून तुरळक चालणाऱ्या या धंद्याला भरती आली. स्वस्त झोर्की घ्यायचे, त्यांची नावं घासायची, वर लायका, गरुड, ऑलिंपिक, जे खपेल ते कोरायचं.

मी भिंग खिडकीपाशी नेलं. पुढच्या काचेभोवतीचा इवलासा खटका 16 वर ओढला आणि तिरक्या उजेडात आत पाहिलं. पाकळ्या खोल होत्या, दुसऱ्या काचेच्या पलीकडे. खटक्यासमोरचे आकडे 5.6, 8, 11. युद्धापूर्वीच्या बहुतेक एल्मारवर 4.5, 6.3, 9 अशी जुनी युरोपीय माळ असते. काचेवर निळसर-जांभळी झाक. ही झाक काचेवरच्या मुलाम्याची. तो मुलामा त्साइसच्या स्माकुलाने 1935 मध्ये शोधला, पण लायट्झच्या भिंगांवर तो युद्धानंतरच रुळला. जुन्या भिंगावर मागाहून मुलामा चढवून घेणारेही असतात, म्हणून एकट्या झाकेवर मी निकाल दिला नसता. कड्यावर मात्र ‘50 मिमी’ कोरलेलं होतं. अगदी सुरुवातीची भिंगं सोडली तर वेट्झलारवाले सेंटिमीटरमध्ये ‘5’ लिहायचे.

आणि ते कडं बोटाला किंचित दबलेलं लागत होतं. कानस फिरली होती. सोव्हिएत भिंगाच्या क्रमांकाचे पहिले दोन आकडे बहुधा जन्मसाल सांगतात. खोटं नाव कोरण्यासाठी कुणीतरी खरा जन्मदाखलाच घासून टाकला होता.

‘‘मग डुप्लिकेट?’’ मित्राचा चेहरा उतरला.

एल्मार म्हणून डुप्लिकेट, म्हटलं, पण इंडुस्तार म्हणून अस्सल. खरं एल्मारही काही कोहिनूर नाही. ते ढिगाने बनलं, त्याची किंमत साल, काचेची अवस्था आणि मुलामा पाहून ठरते. याला येईल ती शोभेच्या वस्तूची. पण काचेत बुरशी नव्हती, ओरखडा नव्हता, आटे मऊ फिरत होते. आपल्याकडच्या दमट पावसाळ्यात हे थोडं नाही.

मित्र सौंसरचा, तेव्हा ठशांची गोष्ट त्याला मी वेगळी काय सांगणार? त्याच्या घरच्या कागदांवर आधी मध्यप्रांत-वऱ्हाड, मग मध्य प्रदेश, जिल्हा छिंदवाडा, आणि 2023 पासून जिल्हा पांढुर्णा. घरात बोलणं तेच.

चहा झाल्यावर त्याने ते एका जोडकड्याने आपल्या डिजिटल कॅमेऱ्यावर चढवलं आणि अंगणातल्या बैलावर रोखलं. शिंगांना नुकताच रंग दिला होता. उजेडाकडे तोंड होतं, त्यामुळे चित्रावर धुरकट साय आली. पण बैलाचा डोळा असा उतरला की पापणीचे केस मोजावेत. चार-पाच फोटो काढून झाल्यावर त्याने माझ्याकडून बॉलपेन मागून घेतला, डबीवरचं ‘जर्मन’ खोडलं आणि वर लिहिलं : ‘आबाजीचं, रशियन’.